पोतं उठत नाही

अमरावतीनं समित्या काही कमी पाहिलेल्या नाहीत. पाण्याची समिती आली, धुळीची आली, उड्डाणपुलाची तर दोनदा आली आणि दोन्ही वेळा चहा-आलूबोंडा खाऊन परत गेली. त्यामुळे बिनड्रायव्हरच्या बसला मार्क द्यायला समिती बसली आहे हे ऐकून गावानं आधी पोटभर हसून घेतलं. मग एका सकाळी ती पांढरी बस खरोखरच परतवाडा रोडवरून गेली. आवाज नाही, धूर नाही, स्टीअरिंग आपलं आपण फिरतंय. पानठेल्यावर कुणीतरी म्हणालं, हे काही चांगलं लक्षण नाही. का नाही, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

बोंडअळीनं कापूस फस्त केला त्याच्या पुढचा हा हिवाळा. ज्यांच्या घरात तीन पिढ्या कापसाशिवाय दुसरं पीक नव्हतं, त्यांनी विहिरीजवळच्या तुकड्यात वांगी, मेथी, शेवंती लावली होती आणि घरातल्या बाया ती पोत्यांत भरून पहाटे शहराच्या रस्त्याला लागत होत्या. सकाळची जुनी गाडी कधीच बंद पडली होती. नवी बस पहाटे पाचला शहरातून रिकामी निघायची, बावीस किलोमीटरवरच्या सावंगी फाट्यावर जायची, तिथून साडेपाचला परत फिरायची आणि वाटेतल्या एकेका फाट्यावरून या बायांना उचलून भाजीबाजारात आणून सोडायची. महिनाभर चालवून बघायचं आणि चांगली ठरली तर कायम करायची, असं ठरलेलं.

समितीत तिघं होते. अध्यक्ष शेषराव ढोक, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, पण स्वतःला अजून ते न पटलेले. दुसरे धर्मपाल सर, आकडेवारीचे. समोर तक्ता असला की माणसाकडे वर न पाहणारे. तिसरी निखत. अकोल्याच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात ती वाहतूक शिकवायची. वय चौतीस, आणि हातात घेतलेलं काम नको तितकं मन लावून करायची खोड. पुढं जे झालं ते तिच्या आळसामुळे झालं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. तिनं आळस केला असता तर कदाचित झालंच नसतं.

पहिल्या फेरीचं मूल्यमापन म्हणजे नुसती फजिती होती. या रस्त्यावरच्या बायांची एक रीत आहे. पहाटे चारला जी येते ती आपलं पोतं रस्त्याच्या कडेला, अगदी डांबराला लावून ठेवते. पोतं ठेवलं की नंबर लागला. मग ती बाजूला बसो, शेकोटीपाशी जावो, की गावात परत जाऊन दुसरं पोतं आणो. तिच्या पोत्याच्या पुढं कुणी पोतं ठेवत नाही. बसला ही रीत ठाऊक नव्हती. पोतं दिसलं की ती वीस पावलं अलीकडेच थांबायची. आतून एका बाईचा गोड आवाज यायचा, 'कृपया मार्ग मोकळा करा.' बाया म्हणायच्या, पह्यले तू इकडं तर ये! ती यायची नाही. शेवटी बाया पोती ओढत तिच्यापर्यंत न्यायच्या, आणि तोवर पुढच्या फाट्यावरची पोती तिची वाट पाहत बसलेली.

ड्रायव्हरच्या जागेवर वाहेदभाई बसायचे. अठ्ठावीस वर्षं एसटी चालवलेल्या या माणसाला आता हात मांडीवर ठेवून बसायचा पगार मिळत होता. अडचण वाटली तरच ब्रेक मारायचा, एवढंच काम. "मले तं नवरदेवासारखं बसवून ठेवलं," ते निखतला म्हणाले. "फरक इतकाच, का लग्न कोनाचं हाय थे माईत नाई."

निखतनं पहिल्याच दिवशी अनावश्यक थांबे मोजले. एकतीस. बस बाजारात पोचली तेव्हा पाऊण तास उशीर झाला होता आणि मेथीचे भाव उतरले होते. तिनं वेळेच्या रकान्यात वीसपैकी चार मार्क दिले आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं : 'पोते हा मानवेतर, स्थिर अडथळा आहे. त्यासाठी थांबण्याचे कारण नाही.'

कंपनीचा इंजिनीअर चंदन पुण्याहून आलेला होता. पोरगा मेहनती, स्वभावानं गोड. तो म्हणाला, "मॅडम, आमच्या सिस्टीमनं अशी पोती पाहिलेलीच नाहीत. फोटो हवेत. खूप, वेगवेगळे. इथं कुठं मिळतील?"

आता हा प्रश्न त्यानं दुसऱ्या कुणाला विचारला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. पण निखतचे अब्बा अकोल्याचे मुजम्मिलभाई बारदानवाले. सोयाबीन, तूर, हरभरा, ज्यात जे भरायचं त्याची पोती पुरवण्याचा घराण्याचा धंदा. निखत त्या गोदामात रांगली, पोत्यांच्या थप्प्यांवर बसून तिनं बाराखडी गिरवली. परीक्षकानं परीक्षा देणाऱ्याला मदत करू नये, एवढं तिला कळत होतं. पण बस चांगली चालली तर भलं त्या बायांचंच होणार होतं ना? ती शनिवारी अकोल्याला गेली आणि दोन दिवस गोदामात फोटो काढत बसली. भरलेलं पोतं, अर्धं भरलेलं, आडवं, उभं, तोंड शिवलेलं, तोंड उघडं, ओलं, ठिगळाचं, दुसऱ्याला टेकलेलं. अब्बा गल्ल्यावरून पाहत होते. म्हणाले, "इतके फोटो तं तुह्या शादीत नाई काढले." तीनशे बारा फोटो झाले. चंदननं हात जोडले.

दहा दिवसांनी मूल्यमापनाची दुसरी फेरी सुरू झाली, आणि बस अशी काही चालू लागली की पाहत राहावं. फाटा आला की हळूच कडेला घ्यायची, पोत्यांच्या रांगेला घासल्यासारखी, पण न घासता, नेमकी दारापाशी उभी. माणूस दिसला की चार हात लांब, पोतं दिसलं की एक वीत. बाजारात पोचायला एक मिनिटसुद्धा उशीर नाही. सावंगीच्या सत्यभामाबाईंनी निखतच्या मांडीवर फुलकोबीचा गड्डा ठेवला.

"मॅडम, तुमी काय केलं थे मले समजत नाई. पन यंदा पह्यल्यांदा माह्ये वांगे सहाच्या आत बाजारात गेले. या गाडीचे मार्क कापसान तं पाहा!"

निखतला आनंद झाला. का होऊ नये? इतक्या वर्षांत शिकवलेल्या कुठल्या पोराकडून तिला फुलकोबी मिळाली नव्हती.

तो आनंद चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी थंडी कडक होती, ओठ फुटण्याइतकी. बस सावंगी फाट्याकडे वळत होती. निखत चंदनच्या शेजारी बसून त्याच्या पडद्यावर पाहत होती. बसला जे दिसे ते तिथं दिसायचं : माणसांभोवती हिरवी चौकट, पोत्यांभोवती करडी. फाट्यावर आज माणसं कमी होती. दोन हिरव्या, अकरा करड्या. बस वीतभर अंतरानं करड्या रांगेला लागून गेली, उभी राहिली, दार उघडलं, आणि करड्या चौकटींतली एक उठली.

उठली आणि हिरवी झाली. मग दुसरी उठली. मग आणखी तीन. दारात सत्यभामाबाई आल्या तेव्हा त्यांच्या डोक्यावरून पाठीवर रिकाम्या पोत्याची खोळ होती.

वऱ्हाडात हे कुणाला सांगावं लागत नाही. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसला की खोळ होते. पावसात, थंडीत शेतावरची बाई ती डोक्यावर घेते, गुडघे पोटाशी घेऊन उकिडवी बसते, आणि तिचं पोतं होऊन जातं. निखतनं स्वतः लहानपणी गोदामातून घरी जाताना पावसात शंभरदा खोळ घेतली होती. तीनशे बारा फोटो काढताना तिला ती आठवली नाही. पोतं म्हणजे ज्यात माल असतो ते, असं तिनं धरलं. बारदानवाल्याची मुलगी आणखी काय धरणार?

"चंदन, ती बाई बसलेली असताना बसला काय वाटली?"

"पोतं. पण उभी राहिल्यावर लगेच ओळखलं की!"

"आणि बस अगदी जवळ आली असताना ती उठली असती तर? वीतभर अंतर आहे."

चंदन हसला. त्यात दुष्टपणा काही नव्हता. "पोतं उठत नाही, मॅडम. हे तुम्हीच शिकवलंय त्याला."

"मग आता दुसरं शिकव."

"शिकवेन ना. पण फेरी एकदा सुरू झाली की ती संपेपर्यंत सिस्टीममध्ये काहीही बदलायचं नाही, हा नियम आहे. समितीचाच." तो नियम निखतनं सुचवला होता. परीक्षेच्या मध्येच उत्तरं बदलू नयेत म्हणून.

त्या दुपारी ती वाहेदभाईंना गाठायला आगारामागच्या चहाच्या टपरीवर गेली. त्यांनी तिला बसायला स्टूल दिलं आणि स्वतः उभे राहिले. तिनं विचारायच्या आधीच ते बोलू लागले.

"मले माईत हाय बेटा, तू कायले आली थे. चार-पाच दिवसांत सहा खेपा मी ब्रेक मारला. एसटी यायची तं मैलभर आंधीपासून आवाज यायचा. बाया उठून, पोते सावरून तयार राहायच्या. हे गाडी मांजरीवानी येते. बाई डुलकीत असते, तोंडावर उजेड पडला का दचकून उठते. अन् उठते तं कुठं? गाडीच्या तोंडात."

"मग तुम्ही लिहून काहून नाई दिलं?"

"लिहिते ना थे मशीन! मी ब्रेक मारला का तिच्यात उमटते : चालकाचा हस्तक्षेप, कारण नाही, समोर पोते. सहाच्या सहा माह्या नावावर. तो पोरगा काल मले म्हने, चाचा, तुमचा पाय जरा जास्तच चालून राहिला." त्यांनी चहा अर्धा सोडून कप ठेवला. "अठ्ठावीस वर्सात माह्या गाडीखाली कोंबडी नाई आली. आता पाय जास्त चालते म्हन्ते!"

निखतला भीती वाटली ती त्याच वेळी. कुणीतरी बाई चाकाखाली येईल ही भीती तर होतीच. पण ज्या माणसाच्या पायामुळे ती येत नव्हती, तोच पाय तक्त्यात दोष म्हणून जमा होत होता, आणि हे कुणी वाईट बुद्धीनं करत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती फाट्यावर बायांना सांगायला गेली. खोळ घेऊन कडेला बसू नका, गाडी येताना उभ्या राहा. बाया ऐकून घेत होत्या आणि एकमेकींकडे पाहत होत्या. सत्यभामाबाईंनी स्पष्टच विचारलं.

"म्हंजे गाडी नापास करनार तुमी?"

"नापास नाई. पन तिले तुमी दिसत नाई, हे मले सांगा लागन."

"अन् तुमी सांगतलं का थे बंद. मंग?" सत्यभामाबाई मोठ्यानं बोलत नव्हत्या, म्हणून ते जास्त लागलं. "कापूस गेला म्हून वांगे लावले. धा वाजता नेले तं वांगे कोन घेते? आटोवाला एकीमागं दोघींचे पैशे घेते अन् पोतं टपावर फेकते. वाहेदभाई हायेत ना बसेल? थे मारतेत ब्रेक. आमचं काय बिघडून राहिलं? थंडी वाजते तं खोळ घेतो. खोळ नाई घ्याव तं काय घ्याव, शाल?"

निखत स्वतः दोन स्वेटर घालून उभी होती.

तिनं ठरवलं ते तिथंच ठरवलं. समितीला शब्द चालत नव्हते, नोंद चालत होती. मग नोंदच करून दाखवायची. शेवटच्या आठवड्यातल्या गुरुवारी पहाटे ती सावंगी फाट्यावर बसमधून उतरली. वाहेदभाईंना तिनं आदल्या दिवशी सगळं समजावलं होतं : बस पुढच्या वळणावरून फिरून पुन्हा फाट्यावर येईल तेव्हा मी कडेला बसलेली असेन, दिव्याचा उजेड पडला की उठेन. बस थांबते का पाहा. नाही थांबली तरच ब्रेक. त्यांनी दोन वेळा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा तिच्या डोक्यावर हात ठेवला.

सत्यभामाबाईंची खोळ घेऊन ती रांगेत बसली. आत अंधार होता आणि अब्बांच्या गोदामाचा वास होता, तागाचा आणि जुन्या तुरीचा. थंडी खरंच कमी झाली. बाजूला बाया कुजबुजत होत्या, हे येडी झाली का व. मग त्याही गप्प झाल्या. बस येत असेल, पण ऐकू काहीच येत नव्हतं. निखत कानात प्राण आणून बसली होती आणि तिला फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता. या बाया रोज अशा बसतात, तिच्या मनात आलं, आणि मी पडद्यावर त्यांच्याभोवतीच्या चौकटी मोजते.

पोत्याच्या विणीतून उजेड आत आला. ती उठली. अर्धीच उठली होती, तेवढ्यात काहीतरी थंड तिच्या खांद्याला लागलं आणि ती मागं वांग्यांवर पडली. कानाशी ब्रेकची किंकाळी उठली. वाहेदभाई दारातून उडी मारून खाली आले, तिला हाताला धरून उभं केलं, आणि मग फाट्यावरच्या सगळ्या बायांदेखत रडू लागले. "नाई थांबली बेटा. नाई थांबली थे. अर्धा सेकंद अजून पाहिलं असतं तं!"

निखतचा खांदा दुखत होता, पण मनातून तिला हायसं वाटलं. आता नोंद झाली होती.

शुक्रवारी समितीची बैठक झाली. धर्मपाल सरांनी नोंदींचा तक्ता वाचून दाखवला. गुरुवार, पहाटे पाच एकोणतीस, सावंगी फाटा : 'चालकाचा हस्तक्षेप. कारण आढळले नाही. समोर पोते, संख्या बारा.' पुढची ओळ भाजीबाजारात वेळेवर पोचल्याची होती.

"बारा नव्हती," निखत म्हणाली. "अकरा होती. बारावी मी होते."

ढोकसाहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, तुम्ही अंगावर पोतं घेऊन रस्त्यात बसायचं आणि दोष यंत्राचा म्हणायचा, हे काही बरं दिसत नाही."

"सर, बाया रोज तशाच बसतात."

"त्यांना समज देऊ. फलक लावू." ते धर्मपाल सरांकडे वळले. "एकूण किती झाले?"

"ब्याऐंशी. साठाला पास. सुरक्षेत अपघात शून्य आहे, म्हणून वीसपैकी वीस. फक्त चालकाच्या अनावश्यक हस्तक्षेपांनी वेळेचे मार्क कमी केले आहेत. तेरा हस्तक्षेप, तेराही वेळा समोर पोतं."

"अपघात शून्य आहे ते वाहेदभाईंमुळे!" निखत उभी राहिली होती. "ते तेरा ब्रेक काढून टाका आणि मग शून्य येतं का बघा!"

"ते काढून कसं बघणार?" धर्मपाल सरांनी अगदी प्रामाणिकपणे विचारलं. "जे घडलं नाही त्याची नोंद कशी असेल?"

तिनं सही केली नाही. त्यानं काही अडलं नाही, दोन सह्या पुरत होत्या. तिनं चार पानी विरोधी मत लिहून दिलं, ते परिशिष्ट सात म्हणून शेवटी जोडलं गेलं. चंदननं तिला बाहेर गाठून शपथेवर सांगितलं की पुढच्या महिन्याच्या सुधारणेत तो खोळीचं काम पहिलं घेईल. तो खरं बोलत होता. शिफारशीच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं : 'चालकाची आवश्यकता दिसून येत नाही. सेवा सोमवारपासून चालकाविना सुरू करावी.'

सोमवारी पहाटे चारला निखत आणि वाहेदभाई त्यांच्या जुन्या मोटरसायकलवर सावंगी फाट्याला निघाले. दोघांनाही कुणी बोलावलं नव्हतं. नाल्यापासून पुढं धुकं असं दाट होतं की मोटरसायकलचा उजेड समोर भिंतीला आपटल्यासारखा परत येत होता. फाट्यावर नवा फलक लागलेला होता, 'रस्त्यालगत बसू नये', आणि त्याच्याच खांबाला टेकून पोती लागली होती.

निखतनं एकेक खोळ हातानं काढली. बाया चिडल्या. सत्यभामाबाईंनी मात्र तिच्या खांद्याकडे पाहिलं, स्वतःची खोळ घडी करून काखेत मारली आणि बाकीच्यांना दटावलं, "उठा व. उभ्या राहा घडीभर. मरत नाई थंडीनं." बाया कुरकुरत उभ्या राहिल्या. आणि धुक्यातून बस आली तेव्हा निखत सगळ्यांच्या पुढं, रस्त्यात, दोन्ही हात पसरून उभी होती. बस चार हातांवर थांबली. आत ड्रायव्हरच्या जागेवर कुणी नव्हतं. तिथला पट्टा नीट गुंडाळून ठेवलेला होता.

'कृपया मार्ग मोकळा करा,' बस म्हणाली.

बाया चढल्या, पोती चढली. सगळ्यांना हसू येत होतं, एवढं घाबरवलं आणि गाडी तर शहाण्यासारखी उभी राहिली. सत्यभामाबाई खिडकीतून ओरडल्या, "पाहा मॅडम, थांबली का नाई!" निखत अजून बसच्या तोंडासमोर होती. तिला वाटलं असतं तर ती तिथंच उभी राहू शकली असती, तासभर, उजाडेपर्यंत, बायांनी शिव्या दिल्या असत्या तरी. बसनं पुन्हा तेच वाक्य म्हटलं. आतून एकीनं हाक दिली, "बाजार उठन ना बाई!" निखत बाजूला झाली.

मागचे लाल दिवे धुक्यात शिरले. वाहेदभाईंनी बिडी काढली, काडी ओढली, आणि काडी तशीच जळत हातात राहिली.

"बेटा," ते म्हणाले, "टाकळी फाट्यावर कोन उभं हाय?"

बाजारापर्यंत असे अकरा थांबे होते. दोघं मिळून एकावर उभे होते. निखतला तो प्रश्न समजायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात वाहेदभाईंनी किक मारली होती. टाकळी फाटा दोन किलोमीटर. त्यांनी ती गाडी कधी पळवली नसेल अशी पळवली, धुक्यात, अंदाजानं, हॉर्नवरचा अंगठा न काढता. बसला आवाज नाही, तर निदान आपला आवाज पुढं जावा. निखत मागं बसून ओरडत होती, उठा, उठा, आणि थंड हवा तिच्या घशात शिरत होती. लाल दिवे काही केल्या दिसत नव्हते.

मग एकदम दिसले. बस टाकळी फाट्यावर कडेला उभी होती, जरा तिरकी. दार उघडं होतं. 'कृपया रांगेत चढा,' आतून आवाज येत होता, परत परत. कुणी चढत नव्हतं. सावंगीच्या बाया खिडक्यांतून वाकल्या होत्या आणि टाकळीच्या बाया पुढच्या चाकाजवळ गोळा झाल्या होत्या. उजेडात मेथीच्या जुड्या रस्ताभर पसरल्या होत्या. चाकाच्या बाजूला एक पोतं आडवं पडलं होतं.

निखत मोटरसायकल थांबायच्या आतच उतरली. धावताना तिच्या डोक्यात एकच होतं. पोतं असू दे. या अल्लाह, पोतंच असू दे. नुसतं पोतं.

पोतं हललं.

खोळीत साठीच्या पुढची एक बाई होती. ती शुद्धीवर होती. एक पाय गुडघ्याखाली जसा असायला हवा तसा नव्हता, आणि तिला ते अजून कळलेलं नव्हतं. वाहेदभाई फोनवर ॲम्ब्युलन्सवाल्याला फाटा कुठला ते ओरडून सांगत होते. निखत तिच्याजवळ बसली, तिचा हात हातात घेतला. महिनाभर निखत याच रस्त्यावरून रोज गेली होती, पण टाकळीला एकदाही खाली उतरली नव्हती. या बाईचं नाव तिला माहीत नव्हतं.

"गाडी गेली का व?" बाईनं विचारलं. "माहा नंबर पह्यला होता."

"नाई गेली. उभी हाय," निखत म्हणाली.

गर्दीतली एक तरुण बाई, हातात मेथीची जुडी तशीच धरलेली, तिच्याकडे टक लावून पाहत होती. आडबाजूच्या फाट्यावर स्वेटर घातलेली, चष्मेवाली बाई या वेळेला कुठून आली, हे तिला कळेना. "तुमी कोन?" तिनं विचारलं.

निखतला पुष्कळ सांगता आलं असतं. सही केली नव्हती ते, चार पानं लिहून दिली ते, आत्ता दोन किलोमीटर ओरडत आली ते. सगळं खरंच होतं.

"या गाडीले पोतं ओळखायले मी शिकवलं," ती म्हणाली.